लाजाळूची बेरीज

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिनं हे वाचलं तर मला आनंदच होईल. पण तिला न विचारता मी एकदा तिच्या वतीनं एक गोष्ट करून बसले होते, आणि ते एकदाच पुष्कळ झालं.

पुण्यात येऊन मला इतकी वर्षं झाली, तरी शेजारणी हसतात, की तुम्ही अजून ‘मी जातो, मी करतो’ म्हणता. म्हणते तर म्हणते. आमच्या वऱ्हाडात बायाही तसंच बोलतात आणि त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. खरं सांगायचं तर माझ्या तोंडून ते आता दोनदाच निघतं, चिडले की, नाही तर तिची आठवण आली की. म्हणजे रोजच निघतं.

आम्ही दोघी नांदुऱ्याला रेल्वेच्या वस्तीत वाढलो. माझे बाबा तारबाबू, म्हणजे स्टेशनातल्या टेबलाशी बसून कडकट्ट-कट्ट करत तारा पाठवणारे आणि घेणारे. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, मागे अंगण होतं. तिचे बाबा गँगमन. दिवसभर रुळांवर, घण आणि पहार घेऊन. त्यांची चाळ मालधक्क्याच्या पलीकडे होती. त्यांच्याकडे दीक्षा झालेली, भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि तिच्या शेजारी कोनाड्यातच हिची पुस्तकं. पुस्तकांना दुसरी जागा नव्हती म्हणून नाही, तिच्या बाबांनी मुद्दाम ती जागा दिली होती. स्वतः अंगठा करणारा माणूस, पण पोरगी शाळेतून आली की पहिला प्रश्न, आज काय नवीन सांगितलं. आणि ती सगळं सांगायची. मी त्यांच्या उंबऱ्यात बसून शेंगा खात ऐकायची. मी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसलेली असायची, पण मला ते सगळं तिच्याकडूनच पहिल्यांदा कळायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-दोन वर्षं झाली होती. आमच्या मुलींच्या शाळेत आठवीपर्यंत सामान्य विज्ञान होतं, आणि नववीपासून पोरींना गृहशास्त्र. विज्ञान फक्त मुलांच्या शाळेत. कारण विचारलं की बाई म्हणायच्या, प्रयोगशाळा नाही. पण गृहशास्त्राला शेगड्या आल्या, पातेली आली, शिवणाची मशीनसुद्धा आली. वरण शिजवायला माझ्या आईनं कुठली परीक्षा दिली होती, देव जाणे.

मला काही फरक पडत नव्हता. मला वरण चाललं असतं आणि विज्ञानही चाललं असतं, बाकावर शेजारी ती असली म्हणजे झालं. पण तिला विज्ञान हवं होतं. भुकेल्याला भाकर हवी असते तसं हवं होतं, याहून मला वेगळं सांगता येत नाही.

आठवीला आम्हाला विज्ञान शिकवायला मुलांच्या शाळेतून एक सर आठवड्यातून दोनदा येत. बारीक, खोकणारे, खडूनं बाह्या पांढऱ्या झालेले. एकदा त्यांनी सांगितलं की परदेशात हिशेब करणारी यंत्रं निघाली आहेत, एकेक यंत्र आपल्या शाळेएवढं. आम्ही पोरी हसलो. सर म्हणाले, हसू नका, त्या यंत्राला फक्त दोनच शब्द येतात, ‘हो’ आणि ‘नाही’. तारेतून वीज वाहिली तर हो, नाही वाहिली तर नाही. एवढ्यावर ते सगळं गणित करतं. ज्याला हो आणि नाही म्हणता येतं, त्याला बेरीज शिकवता येते.

तिनं हात वर केला. म्हणाली, “सर, मंग लाजाळूले बी येईन.”

वर्ग फिदीफिदी हसला. सरही हसले आणि फळ्याकडे वळले. मग खडू तसाच हातात धरून परत फिरले आणि तिला म्हणाले, उभी राहा, पुन्हा सांग.

तिनं सांगितलं ते साधं होतं. लाजाळूला हात लावला की पानाचा देठ खाली पडतो, म्हणजे हो. नाही लावला तर देठ वर, म्हणजे नाही. देठाला तार लावली तर? तास संपल्याची घंटा झाली तरी सर दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा तास नव्हता, तरी आले आणि तिला विचारलं, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हे मांडशील का?

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, पहिल्यांदा डोक्याला हात लावला. पण सरांनी त्यांच्या मागे आणि मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या मागे असा काही लकडा लावला, की शेवटी एक बोली झाली. पोरीचं यंत्र तालुक्याला पहिलं येऊन बुलढाण्याला जिल्ह्याच्या प्रदर्शनात गेलं, तर जूनपासून तिला मुलांच्या शाळेत नववीच्या विज्ञानाच्या वर्गात बसू देतील. नाही गेलं, तर गृहशास्त्र. तिच्या बाबांना हे कळलं त्या दिवशी ते घण खांद्यावर तसाच ठेवून आमच्या क्वार्टरपर्यंत आले आणि माझ्या बाबांना विचारून गेले, की बाबूजी, हे खरं आहे ना, पोरी-पोरींची गंमत तं नाही. बाबा म्हणाले, खरं आहे. तेव्हा कुठे ते घरी गेले.

लाजाळूची रोपं स्टेशनच्या बगिच्यात होती. फलाटाच्या टोकाला गोल वाफा, त्यात कर्दळ, झिनिया आणि कडेनं लाजाळू. गाडीची वाट पाहणारी माणसं दिवसभर त्याला बोटं लावत बसायची. माळ्यानं आम्हाला दोन रोपं कुंड्यांत लावून दिली. तिच्या चाळीत बकऱ्या होत्या, एका दुपारीत दोन्ही रोपं फस्त झाली असती, म्हणून कुंड्या आमच्या अंगणात आल्या. हे मी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यानंच झालं.

बाबांनी मोडीत निघालेले दोन रिले मिळवून दिले. रिले म्हणजे तारयंत्रातला पितळी तुकडा. त्याला नखाएवढी वीज मिळाली तरी तो खटकन आपटतो आणि दुसरी, मोठी वीज सोडतो. टॉर्चचे सेल, दोन लहान दिवे आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी लागली. चांदी स्टेशनच्या मुसाफिरखान्यात भरपूर मिळायची. ती पातळ पट्टी तिनं देठाच्या टोकाला सुताच्या दोऱ्यानं बांधली, आणि खाली दोन उघड्या तारा ताणल्या. देठ पडला की पट्टी तारांवर टेकणार, रिले खटकणार, दिवा लागणार. पहिल्या आठवड्यात पट्टीच्या वजनानं देठच वाकायचा. मग पट्टी कातरून कातरून तिनं नखाच्या कडेएवढी केली. तिचे हात असे होते की झाडाला कळायचं नाही कोणी धरलंय. मी धरलं की ते लगेच लाजायचं. ती म्हणायची, “तुह्या हातात राग आहे वं.” खोटं नव्हतं.

संक्रांतीच्या आधीची ती थंडीची दुपार मला अजून तशीच दिसते. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या, आई आत कुठेतरी, आणि आम्ही दोघी कुंड्यांपुढे उकिडव्या. एका दिव्यावर ‘१’ लिहिलेला कागद, दुसऱ्यावर ‘२’. तिनं पहिल्या कुंडीला बोट लावलं. देठ पडला, रिले खटकला, एकाचा दिवा लागला. मग दुसऱ्या कुंडीला लावलं. एकाचा विझला आणि दोनाचा लागला. एक अधिक एक, दोन. झाडानं सांगितलं. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ होते. तेवढ्या दुपारीसाठी मी आज काय वाटेल ते देईन. पण काही देऊन परत मिळण्यातलं ते नाही.

बाबा यंत्र बघून खूश झाले, पण चिडवायचे फार. एक बेरीज झाली की देठ पुन्हा वर यायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. बाबा म्हणायचे, तुमचं एक अधिक एक होईपर्यंत मेल मलकापूर गाठते. आणि वारंवार हात लावला तर लाजाळू कंटाळायचं, हलायचंच नाही. म्हणून रोज शाळा सुटल्यावर तीनच बेरजा, ऊन उतरेपर्यंत. मग कुंड्या भिंतीशी सरकवून ती घरी.

ऊन उतरेपर्यंत का, तर माझी आई. आईचा नेम होता, दिवा लागला की झाडाला हात लावायचा नाही, फूल तोडायचं नाही, पाणी घालायचं नाही, जवळसुद्धा जायचं नाही. झाडं झोपतात. तुळशीपुढे दिवा ठेवून आई जी पाठ फिरवायची ती सकाळपर्यंत अंगणाकडे बघायची नाही, आणि आम्हालाही बघू द्यायची नाही. लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलेलं, की झाड झोपतं म्हणजे काय होतं हे मी कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. जे रोज ऐकतो ते कोण बघायला जातो?

तिनं एकदा विचारलं होतं. जाता जाता, कुंडी सरकवताना. म्हणाली, “दिवा लागल्यावर हे काय करते ते एकडाव पाहू ना.” मी म्हटलं, आई रागावेल. ती म्हणाली, हात नाही लावत, दुरून पाहतो. मी म्हटलं, सांगितलं ना एकदा, नाही म्हणजे नाही. माझा आवाज चढला असणार, कारण ती तशीच दप्तर घेऊन निघाली. स्टेशनच्या बगिच्यात तर दिवेलागणीनंतर पोरींना कोणी जाऊ देत नसे. तिच्या चाळीत असत्या त्या कुंड्या, तर तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं असतं.

प्रदर्शन मलकापूरला होतं, तोच तेव्हा आमचा तालुका, तिथल्या एका शाळेत. सर, आम्ही दोघी आणि मांडीवर दोन कुंड्या, असे सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. डब्याच्या हिसक्यांनी लाजाळू सगळ्या वाटेनं मिटून बसलं होतं. समोरच्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, पोरी, हे काय देवीचं आहे का? ती म्हणाली, नाही आजी, हे गणित शिकून राह्यलं. म्हातारी म्हणाली, शिकू दे माय, तेबी शिकू दे. सर खिडकीकडे तोंड करून हसत होते.

दुपारी टेबल मांडलं. वर पांढरी चादर, कुंड्या आणि दोन दिवे. चादरीखाली रिले, सेल आणि तारा. बारापासून माणसं लोटली. पाण्याचा पंप, ज्वालामुखी, दाताचं चित्र, सगळं सोडून आमच्यापुढे गर्दी. जो येईल त्याला झाडाला बोट लावायचं. ती एकेकाला हात जोडून अडवायची, साहेब यायचे आहेत, झाड थकेल. तपासणारे साहेब तीनला येणार होते. तीनला आले नाहीत, चारला नाहीत. कोणी म्हणालं, जीप वाटेत बसली. कोणी म्हणालं, जेवण लांबलं. सर येरझाऱ्या घालत होते. थंडीचे दिवस, ऊन भराभर खिडकीतून बाहेर गेलं.

सहाच्या सुमाराला शाळेच्या गड्यानं कंदील टांगला, आणि त्याच वेळेला कोणी हात न लावता आमचा एकाचा दिवा लागला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोड्या वेळानं रिले पुन्हा खटकला. एकाचा गेला आणि दोनाचा लागला. दोन्ही कुंड्यांतले देठ खाली लोंबत होते, बारीक पानं जोडीजोडीनं मिटत चालली होती. कोणी शिवलं नव्हतं. वारा नव्हता.

मी घाईनं दाराकडे पाहिलं, साहेब येतायत का. आणि तिचं तोंड उजळलं. हे मी कितीही वेळा आठवलं तरी तसंच आठवतं. ती खाली वाकली, झाडाच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, “खरंच झोपते वं.”

तेवढ्यात साहेब आले. उंच, चष्मेवाले, दमलेले. मागे पाच-सहा माणसं. कुंड्या पाहिल्या, ‘झाडाला हात लावा’ ही आमची पाटी वाचली, आणि दोनाचा दिवा जळताना बघून विचारलं, अजून मी हात लावला नाही, मग उत्तर कसं आलं? मागची माणसं हसली. सरांचा चेहरा पडला. ती मात्र घाईघाईनं बोलू लागली. म्हणाली, साहेब, हे झोपलं, आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही संध्याकाळी कधी पाहिलंच नव्हतं. आता उजेड गेला म्हणून झोपलं, का याची वेळ झाली म्हणून झोपलं, ते आत्ता सांगता येत नाही. भरदुपारी एक कुंडी अंधारात ठेवली आणि रात्री एक दिव्यापाशी ठेवली, तर कळेल. वेळ झाली म्हणून झोपत असेल, तर याला घड्याळ बी येते.

साहेबांनी वही टेबलावर ठेवली आणि तिच्यासारखेच वाकले. मला कळलं नाही ते का वाकले. मला वाटलं, चूक शोधतायत. मला फक्त मागची हसणारी माणसं दिसत होती, आणि डोक्यात एवढंच, की हिचं विज्ञान गेलं, आता गेलं, काहीतरी कर. मी टेबलाच्या मागे होते. चादरीखाली हात घातला, सेलची तार रिलेतून उपटली, दोनाचा दिवा विझला. मी मोठ्यांदा म्हणाले, झालं साहेब, नीट झालं, आता हात लावा.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्या कुंडीला बोट लावलं. मी चादरीखाली तार थेट एकाच्या दिव्याला टेकवली. लागला. त्यांनी दुसऱ्या कुंडीला बोट लावलं. मी तार दोनाला टेकवली. लागला. मला वाटलं, वाचवलं मी हिला.

देठ आधीच पडलेले होते. साहेबांच्या बोटानं एक पान हललं नव्हतं. हे मला सोडून तिथल्या सगळ्यांना दिसत होतं.

साहेबांनी चादर वर केली. माझ्या चिमटीत तार होती. ते रागावले नाहीत. नुसतं इतकंच म्हणाले, “मुली, ते झोपलं होतं एवढं मला पुरे होतं.” मग वही उचलली, त्यात काही लिहिलं, आणि ज्वालामुखीकडे गेले.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हतीच, ती देठाला बांधलेला दोरा सोडवत होती, झाडाला दुखू नये तसा.

परतीच्या गाडीत, नांदुरा यायच्या आधी, तिनं फक्त विचारलं, “तुले वाटलं काय, मले सांगता नसतं आलं?” मी रडायला लागले. ती नाही रडली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या, तर मी आज इतकं लिहीत बसले नसते. मी तिची कुंडी घ्यायला हात पुढे केला, तर तिनं ती दुसऱ्या मांडीवर घेतली.

सर मुख्याध्यापकांकडे दोनदा गेले. चूक दुसऱ्या मुलीची, हिची नाही, म्हणून सांगितलं. पण वहीत दोघींच्या यंत्रापुढे हातचलाखी असं लिहून आलं होतं, आणि तेवढं निमित्त त्यांना पुष्कळ होतं. मी स्वतः एकदा गेले. आत न जाताच परत आले. दारात शिपाई होता आणि मला भीती वाटली. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या बाबांनी मला काही विचारलं नाही. पण त्यानंतर मी त्यांच्या उंबऱ्यात बसले, की ते तिला आज काय नवीन असं विचारेनासे झाले. मग मी जाईनाशी झाले.

जूनमध्ये ती गृहशास्त्राला बसली. बाबांची बदली अकोल्याला झाली. तिथे मुलींना विज्ञान होतं आणि बाबांनी माझं नाव त्यात घातलं. मी नको म्हणू शकले असते. म्हणाले नाही. मला वाटलं, मी शिकेन आणि तिला कळवत जाईन. चार पत्रं लिहिली असतील. तिची दोन आली. पुढे मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, आणि जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. बरं शिकवलं, म्हणतात. मला ते कधी आवडलं नाही. वर्गात एखादी पोरगी हात वर करून असं काही विचारायची की पुस्तकातून उठून उभं राहावं लागावं, तेव्हा मी तिला दहा वेळा बोलू द्यायची. बाकीच्या कुरकुरायच्या. मी कोणाला कारण सांगितलं नाही.

पुढे किती तरी वर्षांनी, एका लग्नासाठी नांदुऱ्याला गेले होते, तेव्हा बसस्टँडवर ती भेटली. तिनंच ओळखलं. सोनाळ्याला दिली होती, शेती होती, घरी शिवणाची मशीन होती. अंगानं भरली होती, कानाशी केस पिकले होते. मी तिचे दोन्ही हात धरले. पत्र लिहून, फाडून, पाठ केलेली माफी होती, तिच्यातला एकच शब्द आठवला. मी म्हटलं, माझ्यामुळे. ती म्हणाली, सोड वं. आणि मला बाकावर बसवलं.

मग म्हणाली, तू मास्तरीण झाली ना विज्ञानाची, मंग मले सांग. आणि तिनं विचारायला सुरुवात केली. विहिरीच्या मोटरला हात लावला तर झिणझिण्या येतात, पण चप्पल घातली तर येत नाहीत, चामड्याची ओली असली तर येतात, हे किती ओलीपर्यंत? आभाळातली वीज बाभळीवर पडते, कडुलिंबावर कमी पडते म्हणतात, कोणी मोजलं आहे का? इतकी वर्षं तिनं ते कोणाला विचारलं नव्हतं. कोणाला विचारणार? मी सांगत गेले. काही आलं, काही अर्धं आलं. माझी गाडी लागली आणि गेली, मी उठले नाही. इतक्या वर्षांत मी इतकी सुखी कधी नव्हते. मला वाटत होतं, हे असंच चालू राहावं, तिची गाडी येऊच नये.

सोनाळ्याची गाडी फाटकातून आत वळली. तिनं पिशवी उचलली आणि उठता उठता समोरच्या खांबाकडे हात केला. विजेच्या तारांवर चार-पाच साळुंक्या बसल्या होत्या.

“ते मरत काऊन नाही, ते मले मालूम आहे,” ती म्हणाली. “मी इचारतो ते येगळं. तारेतून एवढी वीज जाऊन राह्यली, तं त्याच्या पायाले काही कळत असंन का?”

मी शिकवत असलेल्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. कॉलेजच्याही नव्हतं. मी म्हटलं, मला नाही माहीत. कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही.

तिला वाईट वाटलं नाही, रागही आला नाही. गाडीची वेळ सांगावी इतक्या सहज ती म्हणाली, “मी पाह्यलं असतं.”

आणि पिशवी सावरत गाडीत चढली. गर्दी होती, तिला जागा कुठे मिळाली ते मला दिसलं नाही. गाडी निघून गेली तरी मी स्टँडवर उभी होते. तिनं पाहिलं असतं, हे त्या तालुक्यात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक मी होते.